माझ्यापुरता खटला चालवण्याबाबत

प्रति,
मा. प्रबंधक साहेब (न्यायिक),
मा. उच्च न्यायालय खंडपीठ, जालना रोड,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : श्रीमती मनकर्णाबाई कारभारी औताडे, वय ६३ वर्षे, धंदा घरकाम, रा. हर्सूल, छत्रपती संभाजीनगर (आरोपी क्र. २).

विषय : माझा मुलगा व सून यांची तडजोड झाल्यामुळे गुन्हा रद्द होत आहे, तो माझ्यापुरता रद्द न करता माझ्यावर खटला चालवून निकाल देणेबाबत.

संदर्भ : १) गुन्हा रद्द करण्याचा अर्ज. नंबर वकील साहेबांकडे आहे, मला दिलेला नाही. सुनावणी दि. २८ जानेवारी २०२६.
२) मध्यस्थी केंद्रातील तडजोडनामा, कलम ६.

महोदय,

१) माझा मुलगा प्रणय कारभारी औताडे (आरोपी क्र. १), वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर, यानं खोटं सांगून माझी सही घेतली, ही माझी पहिली तक्रार आहे. नोव्हेंबर महिन्यात त्यानं मला मोटारसायकलवर बसवून अदालत रोडला नेलं. म्हणाला, आई, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय. माझे मालक पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते. ते २०१९ साली वारले तेव्हापासून मला पेन्शन आहे आणि दर नोव्हेंबरला मी जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं, हे खरं आहे. पण ते बँकेत द्यावं लागतं. यंदा झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या नोटरी साहेबांपुढं कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाला नियम बदललाय. नियम रोजच बदलतात म्हणून मी गप बसले व तीन ठिकाणी सही केली. मी तिसरी शिकलेली आहे. सही करते, अंगठा देत नाही. पण सही करताना वाचत नाही, कारण मला वाचायला वेळ लागतो आणि मागं माणसं खोळंबतात. पोटच्या पोरानं पुढं केलेला कागदही वाचून घ्यावा लागतो हे मला माहीत नव्हतं.

२) डिसेंबरात पेन्शन आली नाही. बँकेत गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, आजी, तुमचा हयातीचा दाखलाच आलेला नाही. म्हणजे बँकेच्या लेखी मी वारलेली आणि मा. न्यायालयाच्या लेखी मी जिवंत राहून तडजोड केलेली. प्रणयला बोलावून विचारलं, तर तो अगोदर चप्पल शोधायला लागला. मग म्हणाला, "तुला खरं सांगितलं असतं तर तू सही केली असतीस का?" मी म्हटलं, नाय. तो म्हणाला, "म्हणूनच." आणि फाईलची झेरॉक्स ओट्यावर ठेवून गेला.

३) सदर फाईलमध्ये इंग्रजी कागद एकोणीस आहेत. ते मला वाचता येत नाहीत. पण त्यांच्या मागं लावलेला तडजोडनामा मराठीत आहे, तो मी बोट ठेवून चार दिवसांत वाचला. कलम १ ते ३ मध्ये मुलगा व सून तनुजा हे दिवाळीपासून शहरातल्याच सातारा परिसरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र नांदत आहेत असं लिहिलं आहे. ते खरं आहे व मला त्याचा आनंद आहे. कलम ४ मध्ये आरोपी क्र. २, म्हणजे मी, त्यांच्या घरी मुक्कामाला जाणार नाही असं आहे. त्यालाही हरकत नाही. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद असते, मला बोलावलं तरी मी जाणार नाही. कलम ५ भांड्यांचं आहे, ती ज्याची त्याला गेली. कलम ६ असं आहे : "सदर फिर्याद ही किरकोळ गैरसमजातून दाखल झालेली असून उभय पक्षांची एकमेकांविरुद्ध काहीएक तक्रार राहिलेली नाही." माझी हरकत या कलमाला आहे. किरकोळ काही घडलेलं नाही आणि गैरसमजही झालेला नाही. मध्यस्थी केंद्रात माझ्या मुलाला बोलावलं, सुनेला बोलावलं, मी बाहेर बाकावर दोन तास बसून होते. मला आत कुणी बोलावलं नाही, त्यामुळे हे तिथं सांगता आलं नाही.

४) मूळ फिर्यादीत माझ्या घरावर तीन आरोप आहेत. चारचाकी घेण्यासाठी माहेरून पाच लाख आण म्हणून मी तगादा लावला. मी सुनेला उपाशी ठेवलं. माझी मुलगी श्रेया (आरोपी क्र. ३) हिनं तिला टोमणे मारले. शेवटच्या आरोपाबद्दल मी काही बोलत नाही, श्रेयाची जीभ माझ्यावर गेली आहे. चारचाकीबद्दल एवढंच की आमचा बोळ पाच फुटांचा आहे, तिथं चारचाकी आली तर ती परत जाणार नाही. आणि उपाशी ठेवल्याबद्दल, माझ्या घरून मीटर बघायला आलेला माणूसही चहा घेतल्याशिवाय उठत नाही. पंचनाम्याला आलेल्या हवालदार साहेबांनी दोन प्लेट पोहे खाल्ले. पंचनाम्यात त्याची नोंद नाही.

५) गुन्हा दाखल झाला तो साऱ्या गल्लीनं पाहिला. पोलिसांची गाडी बोळाच्या तोंडाशी उभी होती आणि मी डोक्यावर पदर घेऊन तिथवर चालत गेले. तो रद्द होताना मात्र कुणी पाहणार नाही. पूर्वी आमच्या गल्लीत कुणाची सोयरीक जमवायची तर पहिल्यांदा मला विचारत. पाहुणे आले की मला समोर बसवत, कारण मी माणूस बोलताना बघूनच घर कसं आहे ते सांगते. मागच्या महिन्यात शेजारी बोडखेंच्या मुलीला बघायला पाहुणे आले. पोह्यांसाठी मोठं पातेलं माझ्याकडून नेलं, मला नेलं नाही. दुसऱ्या दिवशी पातेलं परत द्यायला आली तेव्हा बोडखीण म्हणाली, "मिटवलं म्हणे तुम्ही?" मिटवलं याचा आमच्याकडं अर्थ असा होतो की केलं होतं. निर्दोष सुटल्याचा कागद मिळाला असता तर तो मी काचेत घालून दारावर लावला असता. रद्द झाल्याचा कागद कुठं लावायचा हे मला कुणी सांगावं.

सबब निकाल पाहिजे, असं मी वकील साहेबांच्या ऑफिसात जाऊन सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "आजी, लोक सुटायला वर्षानुवर्षं खेटे घालतात. तुम्ही सुटताय तर सुटा. निकालाला दहा वर्षं लागतील." मी म्हणाले, मी दहा वर्षं थांबते. ते म्हणाले, "तुमच्या वयाचं बघा." मी म्हणाले, मी हयात आहे की नाही हे आता बँकच ठरवते, तुम्ही काळजी करू नका. यावर त्यांनी चहा मागवला.

इथपर्यंतचा अर्ज मी संक्रांतीच्या आधी लिहिला होता, आणि इथंच संपवणार होते. तो संपवता आला नाही, त्याचं कारण खाली लिहिते.

६) दि. १४ जानेवारीला संक्रांतीच्या दिवशी तनुजा एकटी रिक्षानं माझ्या घरी आली. मी तिच्याकडं राहायला जायचं नाही असं कलम ४ मध्ये आहे, तिनं माझ्याकडं यायचं नाही असं कुठं नाही. ती पाया पडली. माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मग पाटावर न बसता खाली फरशीवरच बसली आणि म्हणाली, "आई, गाडीचं आणि उपाशी ठेवल्याचं मी त्या कागदात लिहू दिलं, ते चुकलं माझं. लिहिणारा म्हणला, असं लिहिल्याबिगर गुन्हाच बसत नाय. मला लई राग होता. पप्पांचं तोंड बघायला मिळालं नाय, त्याचा होता. पण बँडाच्या आवाजात बॅगेतला फोन कुणाला ऐकू येणार. यांनी श्रेयाच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं. मीच उगाच मनात धरून बसले." आणि वर मला विचारलं, "तुमचा राग नाय ना माझ्यावर?"

साहेब, ती माझी माफी मागत होती. मी "नाय गं" म्हणाले. तिळगूळ मुठीतच राहिला, तोंडात घालता आला नाही.

म्हणून जे फिर्यादीत नाही ते मी स्वतःहून लिहून देते. हा माझा जबाब समजावा.

७) दि. २१ एप्रिल २०२४, रविवार, या दिवशी श्रेयाचं लग्न होतं. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा, पत्रिका सोबत जोडली आहे. माझे मालक नसल्यामुळं कन्यादान भाऊ आणि भावजयीनं, म्हणजे प्रणय व तनुजा यांनी करायचं होतं. मी विधवा बाई, माझा हात कशालाच चालत नव्हता. तेलवण, हळद, कळस सगळं तनुजाच्या हातचं. घरात सवाष्ण ती एकच. तिचे वडील बद्रीनाथ, वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी, हे आठ दिवसांपासून तिथल्या दवाखान्यात होते. तनुजा चार दिवस आधी त्यांना बघून आली होती, डॉक्टर म्हणाले होते की उतार पडतोय. तिच्या माहेरचं कुणी लग्नाला आलं नव्हतं. तिचा फोन प्रणयच्या खिशात होता, कारण शालूला खिसा नसतो.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. प्रणय मंडपवाल्याशी बोलत होता, त्यानं उचलला नाही. मग तनुजाचा भाऊ कृष्णा याचा मेसेज आला. मेसेज न उघडताही वर काचेवर दिसतो. मी भांड्यांच्या खोलीत पराती मोजून देत होते, तिथं येऊन प्रणयनं मला तो वाचून दाखवला. "ताई, पप्पा लई सिरियस आहेत, तुझं नाव घेतायत, असशील तशी निघ." माणूस तेव्हा जिवंत होता. लेकीला बोलावत होता.

आमच्यात लेकीला बापाचं सुतक तीन दिवस धरतात, आणि ते बातमी कानावर पडल्यापासून धरतात. कानावर पडली नाही तोवर सुतक नाही. तनुजा निघाली असती तर कन्यादानाला जोडपं राहत नव्हतं. आणि ती मंडपात असताना वाईट बातमी तिच्या कानावर पडली असती, तर तिचा हात लागलेलं काहीच चालत नव्हतं. मुलाकडचे कन्नड तालुक्यातले, मानपानावरून आदल्या दिवसापासून तोंड वाकडं करून बसलेले. वऱ्हाड परत गेलं असतं तर श्रेयाचं काय, हे सगळं मी एका परातीवरून दुसऱ्या परातीवर हात नेईपर्यंत ठरवलं. प्रणय म्हणाला, "आई, पाठवू का तिला? गाडी आहे, दोन तासांत पोचंल." मी म्हणाले, "अक्षता पडू दे. ठेव खिशात."

त्यानं ठेवला. फोन त्यानंतर दहा वेळा वाजला. मला हा आकडा माहीत आहे, कारण खिशात फोन थरथरला की प्रणय माझ्याकडं बघायचा. कन्यादानाला तनुजानं हातावर पाणी सोडलं तेव्हाही त्यानं माझ्याकडं पाहिलं. बद्रीनाथ अकरा वाजता गेले होते. आम्ही दोघांनी बापाला मुकलेल्या त्या लेकीकडून दुसऱ्या लेकीचं कन्यादान करून घेतलं.

अडीच वाजता, पंगती उठल्यावर, प्रणयनं तिला सांगितलं की फोन त्यानं सकाळीच बॅगेत टाकला होता, बँडात कळलं नाही. ती शालूवरच गाडीत बसली. तिकडं लेकीसाठी माहेरच्यांनी मयत चारपर्यंत थांबवून धरलं होतं. एप्रिलचं ऊन, त्यापुढं भाऊबंदांनी ऐकलं नाही. ती पाऊण तास उशिरा पोचली. सरण पेटलेलं होतं.

दहावा झाल्यावर ती नांदायला परत आली. आठ महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. जानेवारीत माहेरी गेली आणि मग फिर्याद आली. गाडीची, पाच लाखांची. ती वाचून मी गल्लीत मोठ्यानं म्हणाले की खोटी आहे, शब्दन् शब्द खोटी आहे. आणि हे म्हणताना मला बरं वाटत होतं, तेही लिहून ठेवते.

८) हे सर्व मी परवा पुन्हा वकील साहेबांकडं जाऊन सांगितलं. त्यांनी कपाटातलं जाड पुस्तक काढून चाळलं. म्हणाले, "आजी, याला कलम नाही." मी विचारलं, एवढ्या जाड पुस्तकात नाही? ते म्हणाले नाही. म्हणजे ज्याला कलम आहे ते मी केलं नाही, आणि जे केलं त्याला कलम नाही, आणि दोन्हींवर मिळून किरकोळ गैरसमज असा शिक्का बसणार आहे. सबब माझ्या विनंत्या खालीलप्रमाणे :

(अ) गाडी व उपासमारीच्या आरोपावर माझ्यावर खटला चालवून मला निर्दोष ठरवावं.

(ब) परिच्छेद ७ मधल्या गोष्टीवर मला दोषी ठरवावं. कलम नसल्यास एखादं जवळपासचं पाहावं.

(क) दोन्ही एकाच दिवशी करावं. नाहीतर पहिला कागद हातात पडल्यावर मी दुसऱ्यासाठी येणार नाही, मी स्वतःला ओळखते.

(ड) शिक्षा झाल्यास हर्सूलचं जेल माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. तिथंच ठेवावं. मी चालत येईन, न्यायला गाडी पाठवू नये. बोळाबद्दल वर लिहिलंच आहे.

(इ) वरीलपैकी काहीच नियमात बसत नसेल, तर गुन्हा खुशाल रद्द करावा, पण कलम ६ मधली पहिली ओळ खोडून तिथं काय घडलं ते लिहावं. माझी सही ज्या कागदावर आहे त्यावर एवढी तरी जागा असावी.

९) एक अडचण आहे. प्रणयकडून मला समजलं की २८ तारखेला मा. न्यायमूर्ती साहेब तनुजाला समोर उभं करून विचारतील की, तडजोड स्वखुशीनं केली का. ती हो म्हणेल. ती खोटं बोलणार नाही, तिला जे ठाऊक आहे त्यावर ती खरंच खूश आहे. पण तिला अर्धंच ठाऊक आहे. आणि हा अर्ज तोवर फाईलला लागला असेल, तर उरलेलं अर्धं तिला तिथं, चाळीस अनोळखी माणसांत, कुणीतरी काळ्या कोटातला माणूस वाचून दाखवेल. बापाची खबर तिला एकदा सगळ्यांच्या शेवटी मिळाली आहे. दुसऱ्यांदा तसं होऊ नये.

म्हणून हा अर्ज आज लिहून पूर्ण केला असला तरी आवकला तेव्हाच देईन, जेव्हा तिला हे माझ्या तोंडून कळलेलं असेल. त्यानंतर ती २८ तारखेला हो म्हणाली तर ती खरी स्वखुशी. नाही म्हणाली तर मा. न्यायालयानं तिच्यावर नाराज होऊ नये, तारीख वाया गेली असं तिला कुणी म्हणू नये. वाया घालवलेला वेळ माझ्या आणि प्रणयच्या नावावर आहे.

आपला वेळ घेतला, तो कामाचाच घेतला असं मी समजते.

हयात असलेली अर्जदार,

(सही)
मनकर्णाबाई कारभारी औताडे
दि. १९ जानेवारी २०२६
हर्सूल, छत्रपती संभाजीनगर

सोबत :
१) फिर्यादीची झेरॉक्स.
२) तडजोडनामा, कलम ६ खाली मी कुंकवाच्या बोटानं रेघ ओढली आहे, लाल पेन घरात नव्हतं.
३) श्रेयाच्या लग्नाची पत्रिका, मुहूर्ताची वेळ दिसेल अशी दुमडून.
४) हयातीचा दाखला, खरा, त्याची बँकेचा शिक्का असलेली प्रत. गेल्या आठवड्यात मी एकटी जाऊन दिला.
५) तनुजानं दिलेला तिळगूळ. जोडलेला नाही, माझ्याजवळ आहे.

ता. क. : सही करण्याआधी मी प्रणयला बोलावून हा अर्ज पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. मला वाचायला वेळ लागतो, पण त्याला उठू दिलं नाही. तो ओट्यावर मान खाली घालून बसला होता. परिच्छेद ७ झाल्यावर म्हणाला, "आई, ती निघून जाईल. आता कुठं नीट चाललंय आमचं." त्यावर मी त्याला जे बोलले ते मा. न्यायालयाच्या माहितीसाठी जसंच्या तसं लिहिते :

"जाईल तर जाऊ दे. ती निघायची होती त्या दिवशी आपण तिला धरून ठेवलं, आता परत नाय धरायचं. कोर्टाचं काय व्हायचं ते होईल, माझ्या ओट्यावरचा निकाल ऐक. 'ठेव खिशात' मी म्हणाले, म्हणून पहिली आरोपी मी. ठेवलास तू, म्हणून दुसरा तू. उद्या सकाळच्या गाडीनं तिला घेऊन वैजापूरला जायचं, तिच्या आईच्या दारात. तिथं दोघींसमोर आधी मी बोलीन, मग तू. आणि प्रणय, फोन हातात धरून बसायचं. वाजला की उचलायचा."